पलंग कुठेही जाणार नाही

“मॅडम, आधी एक स्टाइल ठरवा, मग बाकीचं बोलू.”

कोथरूडची आमची जुनी सोसायटी पाडून नवी इमारत उभी राहिली, चावी हातात आली आणि बेडरूमची मापं घ्यायला आलेल्या सजावटकार मुलाचं पहिलं वाक्य हे होतं. त्याच्या टॅबवर पर्याय तयार होते. मिनिमल, स्कँडिनेव्हियन, बोहो, इंडस्ट्रियल आणि सगळ्यात शेवटी ‘इंडियन ट्रॅडिशनल’. मी त्याला सांगितलं, या खोलीत आजेसासूबाईंचा पलंग येणार आहे, सासऱ्यांनी घेतलेलं गोदरेजचं लोखंडी कपाट येणार आहे, लेकीने आणलेला पांढरा साधा वाचायचा दिवा येणार आहे आणि खिडकीला इरकली लुगड्याचे पडदे शिवायचे माझ्या मनात आहे. मुलगा नम्र होता. टॅब मिटून म्हणाला, “मग खिचडी होईल. हॉलमध्ये एक वेळ खपेल, बेडरूमला हे चालत नाही.”

माझं भांडण त्याच्याशी नाही. पुनर्विकासातून नव्या घरात गेलेल्या माझ्या चार-पाच मैत्रिणींना हेच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकावं लागलं आहे. आणि ते ऐकून प्रत्येकीने घरातलं काहीतरी काढून टाकलं. एकीने आईचं पायाचं शिवणयंत्र भंगारात दिलं, दुसरीने वडिलांची आरामखुर्ची. दोघींनाही नंतर रुखरुख लागली, आणि दोघीही म्हणाल्या, “पण ते मॅच होत नव्हतं ना.” या ‘मॅच होत नव्हतं’चा प्रतिवाद मला करायचा आहे.

समोरच्या बाजूचं म्हणणं आधी नीट मांडते, कारण त्यात तथ्य नाही असं नाही. ते म्हणतात, पुण्यातली बेडरूम लहान. झोपायच्या खोलीत डोळ्याला विसावा हवा. चार काळांच्या, चार घाटांच्या वस्तू एकमेकींशी भांडत राहिल्या तर मनही शांत होत नाही. एक शैली धरली की रंग, लाकूड, कापड सगळं आपोआप ठरतं, चुका होत नाहीत, पैसे वाया जात नाहीत. ऐकायला हे सगळं शहाणपणाचं वाटतं. मलाही दोन दिवस वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी त्या पलंगाकडे नीट पाहिलं.

हा पलंग सदाशिव पेठेतल्या वाड्यातून आमच्याकडे आला. सागवान ब्रह्मदेशी, असं घरात सांगत आले. चार उभे दांडे मच्छरदाणीसाठी, त्यांच्या टोकांना पितळी बोंडं. पाय कातीव, म्हणजे कातावर धरून गोल घडवलेले, विलायती साहेबाच्या घरात असत तसे. डोक्याकडच्या फळीवर मात्र कमळ आणि दोन पोपट, हे आपल्या सुताराच्या हातचे. आणि कमळाच्या खाली ओळीने चार चिनी मातीच्या टाइल्स, गुलाबी फुलांच्या. त्यांतली एक पूर्वी कधीतरी निखळली होती, तेव्हा तिच्या पाठीवर ‘जपान’ असा इंग्रजी शिक्का दिसला होता, तो मी स्वतः पाहिला आहे. आता मला सांगा, या पलंगाची स्टाइल कोणती? त्या मुलाने त्याला ‘ट्रॅडिशनल’च्या खान्यात टाकलं होतं. घाट इंग्रजी, लाकूड ब्रह्मदेशातलं, कोरीवकाम देशी, टाइल जपानी. ज्याला आपण परंपरा म्हणून हात जोडतो, ती वस्तूच मुळात चार ठिकाणच्या गोष्टी जुळवून केलेली आहे. आणि शंभर वर्षांत त्यावर झोपलेल्या कुणाचीही त्यापायी झोप उडाल्याचं ऐकिवात नाही.

हा पलंग काही अपवाद नव्हे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत काळ्या शिसवीचं फर्निचर होत असे, त्याचे आकार युरोपी घरांतले आणि अंगभर नक्षी इथल्या कारागिरांची. गोव्यातल्या जुन्या घरांत पोर्तुगीज घाटाचे पलंग असतात आणि शेजारच्या खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या. पुण्यात तर एवढं लांब जायचीही गरज नाही. थोरल्या बाजीरावांनी १७३० मध्ये पाया घातलेल्या शनिवारवाड्यात आरसेमहाल होता, हस्तिदंती महाल होता आणि पुढे हजारी कारंजंही आलं. हे सगळं उत्तरेकडच्या दरबारांतून पाहून, आवडून आणलेलं. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागासमोर कधी पाच मिनिटं उभं राहा. सुरूच्या झाडासारखे निमुळते होत जाणारे ते लाकडी खांब मोगली घाटाचे, कमानींच्या महिरपी तशाच, आणि लाकूडकामात लोंबणारं केळफूल आपलं. तिथेच १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. मोगली महिरपीखाली बसून शास्त्री व्याकरण शिकवत होते आणि आपण ‘विसंगत’ बसलो आहोत असं त्यांना वाटल्याची कुठे नोंद मी तरी वाचलेली नाही.

नुसते शब्दच घ्या ना. झोपायच्या खोलीतल्या वस्तूंची नावं मोठ्याने म्हणून पाहा. पलंग आणि उशी संस्कृतातून घडत आलेले. चादर, पडदा, तक्क्या फारसीतून आलेले. खुर्ची अरबी. अलमारी पोर्तुगीज, तिची चावीही पोर्तुगीज, आणि ती दुरुस्त करायला येणारा मिस्त्रीसुद्धा पोर्तुगीज शब्दावरून मिस्त्री झालेला. मच्छरदाणीत तर अर्धा शब्द आपला आणि अर्धा इराणचा. बल्ब, फॅन आणि खुद्द ‘बेडरूम’ इंग्रजी. आपण रोज रात्री पाच भाषांत झोपतो आणि सकाळी मराठीत उठतो. भाषेत जे इतकं सहज मुरलं, ते खोलीत मात्र खिचडी कसं ठरतं?

आता जागेचा मुद्दा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीसाठी साडेनऊ चौरस मीटर हे किमान माप धरलं आहे, म्हणजे साधारण १०२ चौरस फूट. माझी खोली दहा बाय अकरा. त्यात सहा बाय साडेसहाचा किंग साइझ बेड ठेवला की ११० पैकी ३९ फूट संपले. भिंतीभर सात फुटी वॉर्डरोब केला, दोन फूट खोल, की आणखी १४ गेले. उरले सत्तावन्न, आणि त्यात दार उघडायचं, दोन माणसांनी एकमेकांना वाट द्यायची. सगळं एकाच शैलीतलं असलं तरी ही खोली कोंदटच होणार. दाटी वस्तूंच्या संख्येने होते, आकाराने होते. त्यांच्या गोत्राने होत नाही. आजेसासूबाईंच्या खोलीत पलंग, एक ट्रंक, भिंतीतलं फडताळ, कोनाड्यात दिवा आणि खुंटीवर दोन कपडे एवढंच होतं. ती खोली मोकळी वाटायची. त्यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या गावची होती, हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

विसाव्याचं तसंच. झोप कशाने लागते? अंधाराने, हवेने, शांततेने, पाठीला मानवणाऱ्या गादीने. पश्चिमेच्या खिडकीतून एप्रिलचं ऊन संध्याकाळपर्यंत भिंत तापवत असेल, तर भिंतीचा रंग स्कँडिनेव्हियन आहे म्हणून ती रात्री थंड होत नाही. माझ्या एका बहिणीकडे सगळी खोली राखाडी आणि पांढरी, चित्रातल्यासारखी. छतात मात्र चौदा दिवे पुरलेले, आणि पलंगावर आडवं झालं की त्यांतले सहा थेट डोळ्यांत. ती बिचारी रात्री मोबाइलच्या उजेडात कपडे बदलते. सुसंगती पूर्ण आहे, विसावा नाही.

मग एका शैलीचा हा आग्रह येतो कुठून? मी यावर बराच विचार केला, मिस्त्रींशी बोलले, भवानी पेठेच्या लाकूडबाजारात दोन चकरा मारल्या. माझं मत असं झालं आहे की एकच शैली ही झोपणाऱ्याची सोय नसून करणाऱ्याची सोय आहे. प्लायवूड आणि सनमायका आठ बाय चारच्या शीटमध्ये मिळतात. एकाच रंगाच्या शीट काढल्या, पलंग, वॉर्डरोब, साइड टेबल, टीव्हीचं पॅनेल सगळ्यांचे तुकडे एकत्र बसवून कापले, की माल कमी वाया जातो, कामगाराला विचार करावा लागत नाही, तीन आठवड्यांत खोली ताब्यात. यात गैर काही नाही; धंदा असाच चालतो. पण मग तसं सांगावं. “एका रंगात केलं तर मला परवडतं” हे प्रामाणिक वाक्य आहे. त्यावर ‘सौंदर्यदृष्टी’चा मुलामा चढवून माझ्या घरातला शंभर वर्षांचा सागवान बाहेर काढायला सांगणं प्रामाणिक नाही. आणि त्याच्या जागी काय येणार? बऱ्याच वेळा भुशाच्या दाबलेल्या फळ्या. पुण्याच्या एका पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल आली की त्यांच्या कडा पावासारख्या फुगतात. माझ्या आधीच्या घरातलं साइड टेबल असंच गेलं, तिसऱ्या वर्षी.

आणि हा वाद काही आजचा किंवा इथलाच नाही. ज्या युरोपातून हे ‘एक शैली’चं खूळ शिकून आलो म्हणतात, तिथेच त्याला जुनं उत्तर मिळालेलं आहे. व्हिएन्नाचा वास्तुकार अडॉल्फ लोस, जो पुढे नक्षीकामाचा कट्टर विरोधक म्हणून गाजला, त्याने १९०० साली एका गरीब श्रीमंत माणसाची गोष्ट लिहिली. या श्रीमंताने घराची प्रत्येक वस्तू वास्तुकाराकडून ठरवून घेतली. वाढदिवसाला बायको-मुलांनी भेटी दिल्या, तर वास्तुकार संतापला: मला न विचारता भेटी घेतल्याच कशा? बेडरूमसाठी म्हणून काढलेल्या सपाता घालून तो दुसऱ्या खोलीत आला, तरी बोलणी खाल्ली. शेवटी त्या माणसाला कळतं की आपल्या आयुष्यात आता नवं काही यायला जागाच उरलेली नाही. आपण पूर्ण झालो. मैत्रिणीने आरामखुर्ची दिल्याचं सांगितलं तेव्हा मला हीच गोष्ट आठवली.

त्याच शहरातला दुसरा वास्तुकार योसेफ फ्रँक. ज्यू असल्यामुळे १९३३ च्या सुमारास तो ऑस्ट्रिया सोडून स्वीडनला गेला आणि स्टॉकहोममध्ये पुढची अनेक वर्षं फर्निचर आणि छापील कापडं करत राहिला. त्याचं म्हणणं सरळ होतं: जुनं-नवं, वेगवेगळ्या घाटांचं, रंगांचं, नक्षीचं खुशाल एकत्र ठेवा, तुम्हाला मनापासून आवडणाऱ्या वस्तू आपसांत जुळवून घेतात. १९५८ मध्ये त्याने आणखी पुढे जाऊन लिहिलं की आपला परिसर जणू सहज योगायोगाने घडला असावा असा असायला हवा. ज्या स्कँडिनेव्हियाचं नाव त्या टॅबवर एका खान्यात कोंबलं होतं, तिथल्या सर्वांत लाडक्या सजावटकारांपैकी एकाचं हे मत.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. मिश्रण म्हणून हल्ली जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं वाईट असतं. मॉलमधून आणलेला बोहो झुला, त्याच दुकानातला मुद्दाम घासून जुना केलेला आरसा, भिंतीवर नकली विटांचा कागद, कोपऱ्यात रंगीत राजस्थानी चौरंग. चार थीम एका दिवसात, एका बिलावर. यात घरातल्या कुणाचंही काही नाही. याला खिचडी म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही.

त्याहून वाईट गोष्ट वाड्यांच्या लाकडाची. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे बसले. जे उरले ते गोठलेल्या भाड्यांत कुजत गेले. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरू सोडेना, आणि मग एकेक वाडा पडला. त्यांच्या तुळया, खांब, तक्तपोशीच्या फळ्या, कोरीव दारं जुन्या लाकडाच्या वखारींत आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात आली. ती कुणी घेऊन वापरली तर मला आनंदच आहे, नाहीतर ती बंबात जातात. पण दार आडवं टाकून त्यावर काच ठेवायची आणि कॉफी टेबल म्हणायचं, देवघराची महिरप पलंगाच्या डोक्याशी ठोकायची, याने माझ्या पोटात तुटतं. दाराला उभं राहू द्यावं. कपाटाला लावा, पार्टिशनला लावा, पण उभं. वस्तू जे काम करत आली त्याच्या जवळपासचं काम तिला मिळालं, तर ती नव्या खोलीतही मान खाली घालत नाही.

वेगवेगळ्या वस्तू एकत्र कशा नांदतात, हे राजा दिनकर केळकर संग्रहालयात फार चांगलं कळतं. दिनकर केळकरांनी आयुष्यभर देशाच्या कानाकोपऱ्यांतून दिवे, अडकित्ते, कुलुपं, फण्या, दारं, वाद्यं गोळा केली, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये ते महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. वीस हजारांच्या आसपास वस्तू. गुजरातचं दार, दक्षिणेतला दिवा, कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानीचा महाल, सगळं एका छपराखाली. ते विस्कळीत वाटत नाही, कारण निवडणारा डोळा एक आहे. त्या डोळ्याला रोज वापरायच्या साध्या वस्तूवर कुणीतरी घेतलेली मेहनत दिसत होती. तोच धागा.

धागा म्हटला की गोधडी. आजेसासूबाईंची एक आमच्याकडे आहे. तिच्यात इरकल आहे, नारायणपेठी आहे (ही तेलंगणातल्या नारायणपेठची, आपल्या पेठेतली नव्हे), सासऱ्यांच्या शाळेतल्या खाकीचे तुकडे आहेत, कुणाच्या तरी परकराचं चीट आहे. एकही तुकडा दुसऱ्याला ‘मॅच’ होत नाही. पण पाठीला एकच अख्खं लुगडं आहे, चारी बाजूंना एकच काठ आहे आणि कडेपासून मध्यापर्यंत एकाच पांढऱ्या दोऱ्याचा धावदोरा आहे. वेगळेपण सांभाळायचं कसं, हे त्या बाईला कुणी टॅबवर दाखवलं नव्हतं. पाठ एक, काठ एक, दोरा एक. मधे काय हवं ते.

माझ्या खोलीची सुरुवात मी तशीच केली. शैली ठरवली नाही. आधी आठ दिवस रिकाम्या खोलीत जमिनीवर गादी टाकून आम्ही दोघं झोपलो. ऊन कुठून येतं, शेजारच्या इमारतीचा जिन्यातला दिवा रात्री कुठे पडतो, पहाटे कोणत्या खिडकीतून वारा येतो, हे पाहिलं. उत्तरेकडे डोकं करायचं नाही हा घरातला नियम. तो पाळून पलंगाला एकच भिंत उरली, आणि चांगली निघाली, कारण तिच्यावर दुपारचं ऊन येत नाही. मग जे घराबाहेर जाणार नाही ते आधी ठेवलं: पलंग आणि गोदरेजचं कपाट. तिसरी मोठी वस्तू आणायची नाही असं ठरवलं. पलंगाखाली पेटी नाही म्हणून सामान कुठे ठेवणार, असं सगळ्यांनी विचारलं. दोन ट्रंका सरकवल्या आहेत, आणि खालून केर काढता येतो. भिंती चारही एकाच रंगाच्या, चुन्याच्या जवळ जाणाऱ्या पांढऱ्या. गोधडीची पाठ म्हणा. कपाटाचा मूळचा करडा हिरवा रंग होता तोच पुन्हा मारून घेतला आणि इरकलीच्या काठातला तसाच हिरवा शोधून पडदे शिवायला टाकले. लेकीचा पांढरा दिवा पलंगाच्या दांड्याला अडकवला. जिथे मच्छरदाणीची दोरी बांधायचे, बरोबर तिथे त्याचा चिमटा बसला.

ऐंशी टक्के एक शैली आणि वीस टक्के दुसरी, असं प्रमाण सांगणारेही भेटले. मी मोजून पाहिलेलं नाही.

पलंग हलवताना एक नुकसान झालं. जिन्यात वळवताना डोक्याची फळी कठड्यावर आपटली आणि पूर्वी एकदा निखळलेली तीच जपानी टाइल फुटली, या वेळी तीन तुकडे. मी जुन्या बाजारात दोन बुधवार शोधलं. तशी मिळाली नाही. मिस्त्री म्हणाले, “ताई, बाथरूमची एक पांढरी उरलीये, तीच कापून लावू का?” मी आधी नाही म्हटलं. रात्री त्या रिकाम्या चौकटीकडे बघत पडले, आणि सकाळी त्यांना फोन केला. आता कमळाखाली तीन गुलाबी फुलांच्या टाइल्स आहेत आणि चौथी कोरी. पडदे अजून शिंप्याकडेच आहेत, दिवाळीपर्यंत देतो म्हणालाय.